ताशी चार किलोमीटर

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो येतोच. नऊवारी, नथ, काळा गॉगल, खाली बुलेट आणि वर मोठं हसू. त्या फोटोतली बाई हसत का असते हे मला कळायला चाळिशी ओलांडावी लागली. गाडी उभी असते म्हणून ती हसत असते. चालत्या गाडीवर तिचा फोटो काढला असता तर दातांवर दात आवळलेले दिसले असते.

मी ठाण्यात, वर्तकनगरला राहते. घरात सासू-सासरे, नवरा आणि सतरा वर्षांची लेक. स्कूटर मी वीस वर्षं चालवतेय, बुलेट जेमतेम दोन. ती दिराची. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा "अधूनमधून चालू करत जा, बॅटरी उतरते" एवढं सांगून किल्ली ठेवून गेला. मी अधूनमधून चालू करता करता तिच्यावरून भाजी आणायला लागले, लायसन्स होतंच. २०२५च्या जानेवारीत आमच्या भागातल्या बायकांनी स्वागतयात्रेत दुचाकी फेरी काढायचं ठरवलं आणि मी नाव देऊन मोकळी झाले. पाडवा ३० मार्चला, रविवारी होता. म्हणजे रजेचाही प्रश्न नव्हता.

संध्याकाळी चहाला विषय निघाला. आई म्हणाल्या, "मागे कोण बसणार?"

"कोणी नाही."

"मग मी आहे की."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, पण ते कधी दुखायचे हे त्या ठरवतात. लेकीनं लगेच आत्याला फोन लावला. माझी नणंद डोंबिवलीला असते आणि पाडव्याच्या यात्रेचा विषय काढला की तिचा आवाज एक पट्टी वर जातो. "यात्रा म्हणजे आमची गं. १९९९ला आमच्या गणेश मंदिरानं सुरू केली, तेव्हा तुम्ही ठाणेकर झोपला होतात." असं पंधरा मिनिटं ऐकवून झाल्यावर ती म्हणाली, "मी पण येते. स्कूटर घेऊन. फडके रोडला दरवर्षी असतेच, एक वर्ष नसले तर कोणी विचारणार नाही." लेक तिच्या मागे झेंडा घेऊन बसणार असं ठरलं. तिला स्वतःला चालवायची होती, पण गिअरच्या गाडीचं लायसन्स अठराशिवाय मिळत नाही, आणि आमच्या ग्रुपमध्ये लायसन्स, विमा आणि पीयूसी दाखवल्याशिवाय नाव लागत नव्हतं.

हा नियम ज्यांनी केला त्यांना आम्ही कॅप्टन म्हणायचो. बँकेत नोकरी, पन्नाशी उलटलेली, लडाखपर्यंत गाडी नेऊन आलेल्या. पहिल्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना विचारलं, "हायवेला ऐंशीनं कोण कोण चालवतं?" निम्मे हात वर झाले. "छान. आता चारनं कोण चालवतं?" कोणाला प्रश्नच कळला नाही.

मग त्यांनी समजावलं. मिरवणूक माणसाच्या चालीनं जाते, म्हणजे ताशी तीन-चार किलोमीटर. बुलेट पहिल्या गिअरमध्ये टाकून, ॲक्सिलरेटरला हात न लावता क्लच पूर्ण सोडला, तरी ती ताशी सातच्या आसपास पळते. म्हणजे तिची सगळ्यात हळू चालही मिरवणुकीच्या दुप्पट. मधला फरक डाव्या हाताच्या चार बोटांनी भरून काढायचा, अर्ध्या क्लचवर, आणि तोही दोन-तीन तास. शिवाय वेग असला की दुचाकी बरीचशी स्वतःच उभी राहते. वेग नसला की तिला उभं ठेवणं तुमच्याकडे. आमची गाडी एकशे पंचाण्णव किलोची, वर आम्ही दोघी मिळून सव्वाशे. हिशेब ऐकून शेजारची एक जण हळूच म्हणाली, "मी स्कूटरच आणते."

सराव उपवन तलावाच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी सहाला. शाळेत सायकलची स्लो रेस असायची, शेवटी पोचेल तो पहिला, तसाच खेळ. खडूच्या दोन रेघा, मध्ये वीस पावलांचं अंतर, पाय न टेकवता जितका वेळ लावता येईल तितका लावायचा. पहिल्या दिवशी मी ते अंतर सहा सेकंदांत काटलं आणि दोनदा पाय टेकला. कॅप्टन बाजूनं चालत चालत बोलत होत्या. चाकाकडे बघू नका, समोरच्या झाडाकडे बघा. पुढचा ब्रेक विसरा, हँडल जरा वळलेलं असताना तो दाबला की गाडी त्या बाजूला बसतेच. उजव्या पायानं मागचा ब्रेक अगदी हलका धरून ठेवा आणि त्याच्याविरुद्ध इंजिनला ओढू द्या, मग गाडी डुलत नाही. गुडघ्यांनी टाकी आवळा. यातलं मागच्या ब्रेकचं मला सर्वात उपयोगी पडलं, आणि इतकी वर्षं गाडी चालवून मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी आईंना मागे घेतलं आणि सगळं मुसळ केरात. आई एका बाजूला बसल्या होत्या, साडी सावरून, पर्स मांडीवर. जन्मभर त्या तशाच बसत आल्या. पण त्या चालीला त्यांचं सगळं वजन डावीकडे, आणि मी गाडी सरळ ठेवायला उजवीकडे वाकलेली. वळताना क्लच जरा जास्त सुटला, गचका बसला, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. गाडी पडली म्हणता येणार नाही. म्हैस डबक्यात बसते तशी ती सावकाश, विचारपूर्वक डावीकडे बसली. आई आधीच उतरून उभ्या होत्या. एका बाजूला बसण्याचा तेवढा एक फायदा. माझा पाय लेग गार्डनं वाचवला.

एवढी जड गाडी उचलायची कशी हे त्याच दिवशी शिकले. ओढून उचलायला गेलं तर कंबर जाते. गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात मागची दांडी धरायची आणि पायांनी ढकलत उलटं चालत जायचं. बायकांना जमतं. माझ्या डोळ्यांदेखत पंचावन्न किलोच्या एका मुलीनं जमवलं.

घरी आल्यावर बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे सांगितलं तर ते हसले. "चाळीस वर्षं चेतकवर माझ्यामागे एका बाजूला बसली, कधी पडली नाही."

आई ताट पुसत होत्या. म्हणाल्या, "पडले होते. कोर्टनाक्याला."

"कधी?"

"ब्याऐंशी साली. सिग्नलला तुम्ही झटकन गाडी काढलीत, मी खाली. तुम्ही बोलत बोलत स्टेशनपर्यंत गेलात."

बाबांनी पेपर वर केला. त्या दिवशी ते पुन्हा त्यातून बाहेर आले नाहीत.

पुढच्या रविवारी आई काष्टा घालून आल्या. "याच्यात दोन्हीकडे पाय टाकता येतात ना?" असं त्यांनीच विचारलं. त्यांना टाचा फूटरेस्टवर घट्ट रोवायला, माझ्या खांद्याला न लोंबकळता कमरेला धरायला आणि गाडी वळली की माझ्या डोक्याच्या वळत्या बाजूनं पाहायला शिकवलं. मागच्यानं एवढं केलं की पुढच्याचं अर्धं काम होतं. त्या दिवशी वीस पावलांना मी एकोणीस सेकंद लावले. आईंनी ते मोठ्यानं मोजले, आकडे जरा लांबवत.

मग वेश. यावर ग्रुपमध्ये जितकी चर्चा झाली तितकी ब्रेकवर झाली नाही. नऊवारीचा काष्टा गाडीला उत्तम, सहावारीपेक्षा कितीतरी बरा, पण पदर कमरेला खोचून दोन्हीकडे पिना मारायच्या आणि पोटऱ्यांवर कुठेही सुटा काठ ठेवायचा नाही. मागच्या चाकात साडी जाऊन काय होतं हे आमच्यातल्या एकीनं माहेरी पाहिलं होतं. तिनं ते सांगितलं आणि सगळ्या गप्प झाल्या. आमच्या बुलेटला साडी गार्ड नव्हता. दिरानं घेतल्याबरोबर काढून टाकला होता, गाडीचा लूक बिघडतो म्हणून. फोन केला तर म्हणाला, "माळ्यावर असेल बघ, पंख्याच्या खोक्यात." होता. मी तो गॅरेजमध्ये परत लावून घेतला. गॅरेजवाल्या मुलानं "मॅडम, आता हा कोणी लावत नाही" असं दोनदा सांगितलं. लावायला घेतलेल्या वेळापेक्षा सांगायलाच जास्त वेळ गेला असेल.

दुसरा वाद फेटा की हेल्मेट. मिरवणुकीत फेटाच शोभतो हे मला मान्य आहे. पण कायद्यात सूट फक्त पगडी बांधणाऱ्या शिखांना आहे, पाडव्याला नाही, आणि मागे बसणारीलाही हेल्मेट लागतंच. शिवाय आईंच्या डोक्याचा प्रश्न होता. कॅप्टन हटल्या नाहीत. फेटा हेल्मेटवर बांधता येईल का म्हणून एका फेटेवाल्याला विचारलं. त्यानं हेल्मेट हातात घेऊन फिरवलं, कापडाचे दोन वेढे देऊन पाहिले, ते घसरून खाली आले. "ताई, फेट्याला खाली केस लागतात," म्हणाला आणि परत दिलं. शेवटी आम्ही हेल्मेटलाच गजरे गुंडाळले. तेही तोंड उघडं असलेलं हेल्मेट घ्यावं लागलं, कारण बंद हेल्मेट चढवताना नथ आधी डोळ्यापाशी जाते आणि मग तोंडात. अंबाडा खाली, मानेवर बांधायचा. हे सगळं मी कुठे वाचलं असतं तर माझा एक अख्खा रविवार वाचला असता.

पाडव्याला साडेचारला उठलो. आता गुढी कोण उभारणार? घरातल्या तिघी आणि डोंबिवलीहून आदल्या रात्री आलेली नणंद, सगळ्या सहाला तलावपाळीला पोचायच्या होत्या. नवरा म्हणाला, "मी आहे ना." त्याला काठी, जरीचं कापड, कडुलिंब, गाठी, आंब्याची डहाळी असं सगळं ताटात मांडून दिलं आणि निघालो. सव्वासातला त्याचा फोटो आला. गडू काठीवर सरळ, तोंड वर, आणि त्यात त्यानं हौसेनं फुलं खोचलेली. फुलदाणीच. आईंनी गाडीवर बसल्या बसल्या फोन लावला. "पालथा घाल, पालथा!" आमच्या पुढच्या दोन ओळींनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं गाडीबद्दल काही आहे.

एकशे चाळीस गाड्या होतो. दोन-दोनची ओळ, दर ओळीला चार मीटर, म्हणजे पावणेतीनशे मीटर लांब शेपूट. हे आधी कागदावर मांडलेलं होतं, पण तलावाच्या कडेनं ती रांग उभी पाहिली तेव्हा पोटात गोळा आला. कौपिनेश्वराची पालखी निघाली, लेझीम गेली, चित्ररथ गेले, आणि आमच्या पुढे एक ढोलपथक आलं. पथक चालतं तेव्हा चालतं आणि मन मानेल तिथे थांबून वाजवतं. ते थांबलं की पहिली ओळ लगेच थांबते, शेवटच्या ओळीला ते कळायला वेळ लागतो. तेवढ्यात ती पुढे सरकत येते आणि मधली अंतरं बघता बघता नाहीशी होतात. पथक हललं की उलट, पुढचे निघून जातात आणि मागचे अजून उभेच. म्हणून खुणा ठरलेल्या. कॅप्टननं डावी मूठ वर केली की थांबा, आणि ती मूठ एकेका ओळीनं मागे पोचवायची.

सराव करताना हे चोख झालं होतं. जांभळी नाक्याच्या पुढे कॅप्टननं पहिल्यांदा मूठ वर केली. फुटपाथवरच्या गर्दीला वाटलं घोषणा आहे. कोणीतरी "जय भवानी" म्हणून ओरडलं, त्यावर पाचशे माणसांनी "जय शिवाजी" म्हटलं, आणि आमच्याच अर्ध्या बायकांनी उत्साहानं मूठ वर करून गजर दिला आणि गाडी चालूच ठेवली. मीही त्यांतलीच. माझं पुढचं चाक नणंदेच्या स्कूटरच्या मागच्या मडगार्डला टेकलं. टेकलंच फक्त, पण मडगार्डवर रबराचा काळा डाग उठला. तो ती अजून पुसू देत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. तिथून पुढे कॅप्टननं खूण बदलली, तळहात उघडा. तोंडानं तोंडानं निरोप मागे गेला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत त्याचं "टाटा करा" झालं होतं असं नंतर कळलं.

हरिनिवासपर्यंत बरं चाललं. गोखले रोडला ऊन वर आलं आणि डावा हात संपला. आधी करंगळी बधिर, मग मनगट, मग कोपरापर्यंत एक तार ओढल्यासारखी कळ. चारऐवजी दोन बोटांनी क्लच धरून पाहिला, ते आणखी वाईट. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो आणि चालीच्या वेगाला वारा नसतोच. उजव्या पोटरीला काष्ट्यातून धग लागत होती. मग न्यूट्रल सापडेना. क्लच तापला की असं होतं, पहिल्यातून दुसऱ्यात जातं, दुसऱ्यातून पहिल्यात, मधला दिवा काही लागत नाही. प्रत्येक थांब्याला क्लच आवळूनच उभं राहायचं. मागून आई माझ्या कमरेवर बोटानं हलकेच टकटक करत होत्या. मला वाटलं धीर देतायत. त्या थांबे मोजत होत्या. "एकतिसावा," त्यांनी सांगितलं.

राम मारुती रोडवर तर वेगळीच गंमत. रस्त्याच्या मधोमध पहाटेपासून घातलेल्या मोठाल्या रांगोळ्या. पायी जाणारे कडेनं जातात, आमचं काय? रांगोळीवरून चाक न्यायला मन धजत नाही, आणि नेऊही नये. रांगोळीची भुकटी आणि वरून उधळलेल्या ओल्या पाकळ्या टायरखाली आल्या की गाडी साबणावर आल्यासारखी होते. दोनच्या ओळीची एकेरी झाली. डाव्या बाजूला रांगोळीचा मोर, उजव्या बाजूला पन्हं पिणारी माणसं, मध्ये हातभर डांबर. त्या मोराच्या शेपटीच्या कडेनं मी गाडी नेली तेव्हा समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत होते, मागचा ब्रेक धरून, श्वासही घेतला नसेल. एक रंगसुद्धा हलला नाही. रांगोळी काढणारी मुलगी बाजूला हात जोडून उभी होती, देवाला की आम्हाला कळलं नाही.

तिथून पुढे कॅप्टननं शहाणपण केलं. सगळ्यांना इंजिनं बंद करायला सांगितली. मागे बसलेल्यांनी उतरायचं आणि ढकलायचं. गाड्या निवतील, हात निवतील. मी आईंना म्हटलं, "तुम्ही कडेला सावलीत थांबा, लेक ढकलेल."

"का? मी रांगेत आहे," म्हणाल्या आणि पदर आणखी एकदा खोचून साडी गार्डला धरून ढकलायला लागल्या. इंजिनांचा आवाज गेला तेव्हा पहिल्यांदा ढोल नीट ऐकू आले. पावणेतीनशे मीटर बायका नुसत्या पायांनी गाड्या नेत होत्या. कोणी हसत होतं, कोणी गुडघा चोळत होतं. फुटपाथवरून एका आजोबांनी विचारलं, "पेट्रोल संपलं का?" आई म्हणाल्या, "नाही हो, फिरायला आणलीय."

तलावपाळीला परत पोचायला सव्वातीन तास लागले. मोकळ्या रस्त्यानं हाच फेरा स्कूटरवर मी पंधरा मिनिटांत मारते. हेल्मेट काढलं तर गजरा केसांत आणि केस गजऱ्यात. डाव्या हाताची बोटं हँडलच्या आकारात तशीच वळलेली राहिली होती, पाण्याची बाटली लेकीनं उघडून दिली. घरी गुढी उभी होती, गडू पालथा, गाठी मात्र ताटातच विसरलेली. बाबांनी कडुलिंबाची चटणी केली होती, गूळ बेतानं आणि ओवा मुठीनं. आम्ही चौघींनी ती न बोलता खाल्ली. श्रीखंड खाताना मला चमचा उजव्या हातानंही धरवेना.

फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्यात माझं अर्धं हेल्मेट आहे आणि आईंचा एक पाय, जोडव्यासकट, फूटरेस्टवर घट्ट रोवलेला.

पुढच्या शनिवारी दीर आला. गाडी पुसत बसला होता. साडी गार्डच्या दांड्यांत मोगऱ्याची सुकलेली फुलं अडकली होती, ती त्यानं काडीनं काढली आणि पाना घेऊन वर आला. "वहिनी, झालं ना काम? हा काढून ठेवू परत?"

मी काही म्हणायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हात लावू नकोस. मला धरायला लागतो."